प्रमाण पायल

रामहरी सरांचं म्हणणं असं होतं की चांगला फोटो असं काही नसतंच. चांगला, वाईट, सुंदर हे शब्द फोटोग्राफरनं घरी बायकोसमोर वापरावेत. क्लासात आलं की फक्त किती ते विचारायचं. किती रेघा सुट्या दिसतात, किती पट्ट्या वेगळ्या दिसतात, कागदावर उमटलेला दाणा किती जाड आहे. आकडा आला तर तो फोटो. नाही आला तर ती नुसती भावना, आणि भावना फोटो पक्का करायच्या हायपोत बुडवून टिकत नाही.

सर मूळचे इंदापूरचे. तिथं स्टँडजवळ त्यांचा चांगला चालणारा स्टुडिओ होता. एकदा ते पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि तिथं एका कंपनीच्या माणसानं त्यांना दोन वस्तू भेट दिल्या. एक बारीक रेघांचा तक्ता आणि एक बोटभर रुंदीची पट्टी, जिच्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या रंगाचे चौकोन ओळीनं उतरत गेले होते. सर परत आले ते वेगळेच होऊन. त्यांनी स्टुडिओ बंद केला, कारण गिऱ्हाईक फोटो बघून हसतं नाहीतर रडतं, मोजत कुणीच नाही. मग बारामतीत भिगवण रोडला, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर त्यांनी क्लास काढला आणि बाहेर ‘चित्रगुणमापन वर्ग’ असा बोर्ड लावला. बोर्डावरचा गुण शब्द वाचून पहिल्याच आठवड्यात दोघंजण पत्रिका जुळवायला आले. सरांनी त्यांना हाकललं नाही. पत्रिकेवरच्या शाईचा गडदपणा मोजून दिला.

शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काटेवाडीचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नाचा अल्बम कौतुकानं दाखवायला घेऊन आले, तर सरांनी नवरदेवाच्या ओठावर भिंग ठेवलं आणि आम्हा शिकणाऱ्यांना एकेकाला बोलावून दाखवलं. म्हणाले, केस सुटे दिसत नाहीत, म्हणजे ही मिशी नाही, हा डाग आहे. गृहस्थ बराच वेळ डागाकडं बघत बसले. जाताना अल्बम तिथंच विसरून गेले आणि न्यायला परत आले नाहीत.

क्लासात मुलगी एकच होती. पायल. जळोचीची, भानुदास गुरुजींची थोरली. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवायचे. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं की तू इथं का आलास. आम्ही कला, छंद, आवड असं काहीबाही सांगितलं. पायल म्हणाली, “मला पोहे करून कंटाळा आलाय.”

मग तिनं ते नीट समजावून सांगितलं. घरी तिला बघायला सारखी माणसं यायची. यायची, पोहे खायची, तिला चालून दाखवायला सांगायची आणि कळवतो म्हणून जायची. कळवायचं कुणीच नाही. शेवटी तिनं वडिलांकडून शब्द घेतला होता की नोकरी लागली तर बघण्याचे कार्यक्रम बंद. आणि नोकरी तर समोर दिसत होती. काटेवाडीचे बागायतदार आप्पासाहेब ऊस आणि गाईंना कंटाळून बारामतीत रंगीत फोटोंची लॅब काढणार होते. मशीन जपानहून निघालंही होतं. आप्पासाहेबांना फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी सरांना सांगून ठेवलं होतं की तुमच्या परीक्षेत जो पहिला येईल, तो माझ्या मशीनवर. पायलला त्या मशीनवर बसायचं होतं. बाकी तिला काही नको होतं.

ती पहिली येणार यात आम्हाला शंका नव्हती. आमच्यातला ऋषिराज तर आप्पासाहेबांचा सख्खा पुतण्या, पण तोही म्हणायचा की हिच्यापुढं आपलं काही खरं नाही. फोटो मोठा करायच्या एन्लार्जरच्या उजेडात ती निगेटिव्ह एकदा डोळ्याखालून घालायची आणि कागदाला किती सेकंद उजेड द्यायचा ते सांगायची. बरोबर निघायचं.

घोळ पट्टीपासून सुरू झाला. करड्या पट्टीवर एकदा कुणीतरी चहाचा गरम ग्लास ठेवला. कुणी ठेवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ऋषिराजनं ठेवला. ग्लास उचलला तेव्हा पट्टीची काळी बाजू ग्लासाच्या बुडाला चिकटून आली आणि पांढरी बाजू तेवढी टेबलावर राहिली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहून समजावलं की आपण कसल्या संकटात आहोत. प्रिंट बरोबर आली हे कशावरून ठरवायचं? रसायन रोज बदलतं, कागद बदलतो, पाण्याची ऊब बदलते. म्हणून एक वस्तू अशी लागते, जी बदलत नाही. तिचा फोटो काढायचा आणि प्रिंट त्या वस्तूशेजारी धरायची. जुळली तर सगळं बरोबर, नाही जुळली तर कुठंतरी चूक. ती वस्तू म्हणजे प्रमाण. उजळ बाजूचं प्रमाण शिल्लक होतं. गडद बाजूचं गेलं होतं.

एवढं लिहून सरांनी पट्टीचा एक जुना फोटो हातात घेतला आणि ते आमच्या बाकांमधून फिरायला लागले. प्रत्येकाच्या गालाशेजारी फोटो धरायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. पायलपाशी थांबले. शेवटून चौथा चौकोन तिच्या गालात असा काही बसला की दोघांमधली रेघ दिसेना.

“उद्यापासून तू पट्टी,” सर म्हणाले.

पायलनं विचारलं की हजेरी लागेल का. लागेल, वर प्रात्यक्षिकाचे जादा मार्कही मिळतील. मग ती तयार झाली. पहिलं यायचं तर मार्क सोडून चालत नाही. सरांनी तिला हेही सांगितलं की यात वैयक्तिक काही मानू नकोस, आम्ही तुझ्याकडं नाही, तुझ्या गालाकडं बघणार आहोत.

सरांनी मग आठवडाभर खपून तिची एक प्रिंट काढली. गाल गालाशी तंतोतंत जुळल्यावर मागं शिक्का मारला, ‘प्रमाण’. त्या प्रिंटच्या बरहुकूम बाकीच्या काढल्या आणि बारामती ते इंदापूर जेवढे स्टुडिओ होते, तेवढ्यांना एकेक देऊन टाकली. लोकांना सोय झाली. प्रत्येक डार्करूममध्ये हायपोच्या ट्रेवर पायल लटकायला लागली. प्रिंट धुवायची, पायलशेजारी धरायची, सोडून द्यायची. इंदापूरचे रावजी फोटोवाले सांगायचे की सकाळी बायकोच्या आधी मला पायल दिसते आणि रात्री बायकोच्या नंतरही. त्यांच्या बायकोनं एकदा डार्करूममध्ये जाऊन खात्री केली आणि म्हणाली, मग हरकत न्हाय.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला पाहिजे. रंगीत फोटो तेव्हा पुण्याला धुवायला जायचे आणि सावकाश यायचे, म्हणून स्थळाला पाठवायचे घाईचे फोटो काळे-पांढरेच निघायचे. आणि ते दोन पट्ट्या, म्हणजे करड्या पट्टीवरचे दोन चौकोन, उजळ काढायचे. सगळेच काढायचे. यात फसवणूक नव्हती. जेवूनच जा म्हणावं, तसा तो एक शिष्टाचार होता. मुलाकडच्यांनाही ठाऊक असायचं. ते फोटो बघताना मनातल्या मनात दोन वजा करायचे आणि मग पोरगी कशी आहे ते ठरवायचे. फक्त त्या वजाबाकीला आजवर मोजमाप नव्हतं. ते पायलनं दिलं.

इंदापूरच्या भामाबाई लग्नं जमवायच्या. त्या एकदा रावजींकडं कुणा मुलीचा फोटो न्यायला गेल्या असताना हायपोवरच्या पायलकडं बघत उभ्या राहिल्या. हातातला फोटो त्यांनी तिच्याशेजारी धरला आणि म्हणाल्या, “पायलच्या वर तीन. रिवाजाचं दोन काढा. ऱ्हायला एक.” त्या दिवसापासून आमच्या तालुक्यांत मुलींना आकडा आला. आधी फोटो बघून सांगायचे, नंतर फोटोवाचूनही सांगायला लागले. कशी आहे मुलगी? पायलच्या वर दोन, पण दात पुढं. शेळगावात तर पायल ही बाई आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं कागदाची कंपनी आहे.

मधल्या काळात पायलला एक स्थळ आलं. बुद्धघोष नावाचा मुलगा, इंदापुरात बँकेत. त्यांनी फोटो मागवला. नोकरी अजून लागली नव्हती, त्यामुळं गुरुजींचा शब्दही अजून लागू झाला नव्हता. बारामतीत पोरीला सगळे ओळखतात म्हणून गुरुजी निगेटिव्ह घेऊन थेट इंदापूरला रावजींकडं गेले आणि रिवाजाप्रमाणं दोन पट्ट्या उजळ प्रिंट मागितली. रावजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि नाही म्हणाले.

“तुमच्या पोरीला उजळ न्हाय देता येत, गुरुजी.”

“सगळ्यांना देताय की.”

“सगळ्यांना देतोय ते हिच्यावरनंच मोजून देतोय. उद्या ही दोन वर गेली, की माझ्या समद्या पोरी दोन खाली आल्या. काल एकीची सुपारी फुटलीय. ती मोडू का आता?”

गुरुजी गणिताचे. त्यांनी मनात आकडेमोड करून बघितली आणि त्यांना ती बरोबर वाटली. खरी होती तशी प्रिंट घेऊन ते परतले. मुलाकडच्यांनी भामाबाईंना आकडा विचारला. पायलच्या वर पायल किती, तर शून्य. भामाबाईंनी शून्य सांगितलं. त्यातून त्या लोकांनी सवयीनं रिवाजाचे दोन वजा केले आणि कळवलं की उणे दोनचं आम्हाला झेपणार नाही. पायलच्या इतक्या कार्यक्रमांमध्ये उलट कळवणारे ते पहिलेच. गुरुजींनी त्याबद्दल त्यांचे आभार मानले.

याच सुमारास आप्पासाहेबांनी कुठूनतरी डिजिटल कॅमेरा आणला. त्यात रोलच्या जागी फ्लॉपी घालायची. फोटो काढला की आतून दळण दळल्यासारखा आवाज यायचा आणि मग टायपिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरवर तो वरून खाली उघडत जायचा. आप्पासाहेब म्हणाले, पुढं म्हणे हेच येणार हाय, तर मशीन घ्यायला चुकलो का काय ते मोजून सांगा. सरांना तर पर्वणी. त्यांनी आधी रेघांचा तक्ता लावला. फिल्मवर रेघा सुट्या दिसत होत्या, डिजिटलवर त्या जागी घोंगडं अंथरल्यासारखं दिसलं. मग पायलला बसवलं. फिल्मवर तिच्या गालाखालची, हनुवटीखालची, कानामागची सावलीसुद्धा वेगवेगळी दिसत होती. कॉम्प्युटरवर मात्र चेहऱ्याच्या जागी लाल-निळे ठिपके नाचत होते, आणि त्यांत दोन डोळे आणि एक दातांची रांग. सरांनी फळ्यावर लिहिलं: फिल्म, पायल आहे. डिजिटल, पायल नाही.

“मंजी यात हिचं उणे दोन निघत न्हाय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

सर म्हणाले, काहीच निघत नाही.

“मग स्थळाला यानंच काढून पाठवा की.”

ते चांगल्या मनानंच बोलले. सगळ्यांत आधी पायल हसली, मग आम्ही. सरांनी तिला दटावलं, कारण हसलं की प्रमाण हलतं.

परीक्षा जवळ यायला लागली तशी पायल डार्करूममध्येच राहायला आल्यासारखी झाली. एरवी ती जळोचीहून भर दुपारी सायकल मारत यायची. आता उजाडायच्या सुमाराला यायची आणि दिवेलागणीला जायची. मधला सगळा वेळ लाल दिव्याखाली. असे दोन-अडीच महिने गेले. आणि एके दिवशी ऋषिराजनं आयुष्यात पहिल्यांदा सगळं बरोबर केलं. पायलची जुनीच निगेटिव्ह, वेळ बरोबर, रसायन बरोबर, पाणी बरोबर. प्रिंट भिंतीवरच्या प्रमाण प्रिंटशी तंतोतंत जुळत होती, पण पायलशी जुळेना. सरांनी आधी त्याला झापलं. मग दुसऱ्याला काढायला लावली. तिचीही तीच गत. मग स्वतः काढली. शेवटी त्यांनी भिंतीवरची शिक्क्याची प्रिंट काढून पायलच्या गालाशी धरली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रिंट होती तिथंच होती. ऊन न लागल्यानं पायल एका पट्टीनं उजळली होती.

“म्हणजे मी एक झाले,” पायल म्हणाली. आम्ही तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

“म्हणजे तू चुकलीस,” सर म्हणाले.

दोन्ही गावांतल्या स्टुडिओवाल्यांची क्लासात बैठक बसली. बारामतीच्या तात्याबांचं म्हणणं पडलं की नवी प्रमाण प्रिंट काढून वाटावी. त्यावर बाकीचे त्यांच्या अंगावर गेले. या आकड्यांवर लग्नं लागली आहेत, काही पोरी नांदायला गेल्या आहेत. उद्या सगळ्या एकेक पट्टीनं खाली आल्या तर सासरची माणसं दारात येऊन उभी राहतील, त्यांना कोण तोंड देणार? रावजींनी मग शांतपणे मुद्दा मांडला की प्रिंटा पुष्कळ आहेत आणि पायल एक आहे. बदलायचीच तर एक वस्तू बदलणं सोपं. हे सगळ्यांना पटलं. तात्याबांनाही. पायलला उन्हात बसवून मूळ प्रमाणावर आणायचं ठरलं.

गुरुजींना बोलावून घेतलं. त्यांनी विचारलं की याचा काही त्रास होतो का. सर म्हणाले, ऊनच आहे, निसर्गातलं.

“आणि नाही बसली तर?”

“तर प्रमाण नाही, गुरुजी. प्रमाण नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर पहिला नंबर कुणाचाच नाही.”

गुरुजींनी पायलकडं बघितलं. त्यांच्या मनात काय होतं ते कळलं नाही, पण तोंड उघडून ते काही म्हणणार, एवढ्यात पायलनंच विचारलं, “गच्चीत कुठल्या कोपऱ्यात बसू?”

वैशाख चालू होता. गच्चीवर पत्र्याची टाकी होती, तिच्या शेजारी स्टूल टाकलं. खालून टायपिंगची खडखड यायची. पायल हातात स्वतःचा फोटो घेऊन बसायची आणि आम्ही आळीपाळीनं वर जाऊन फोटो तिच्या गालाशी धरून यायचो. ऋषिराजला दया आली. तो वर जाताना छत्री घेऊन जायला लागला. स्वतःच्या डोक्यावर धरायचा, पण तिच्या हाताला हात लावून किती तापलंय ते विचारायचा. फोटो जुळायला हवा होता, तो मात्र जुळेना. ऊन सगळीकडं सारखं लागत नाही, हे कुणी लक्षात घेतलं नव्हतं. कपाळ प्रमाणाच्याही खाली गेलं. डोळ्यांखालचा भाग वरच राहिला. नाकाचं कातडं सोलवटून निघालं आणि आतून गुलाबी दिसायला लागलं. गालांवर फोड आले, ते फुटले, खपल्या धरल्या. सरांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं.

“एकसारखेपणा गेला,” ते म्हणाले. “दाणा आला.”

पायलनं विचारलं की आता परीक्षा होणार ना. तिला बोलताना ओठ दुखत होते. सर म्हणाले होईल, आणि त्यांनी भिंगानं शोधून शोधून तिच्या डाव्या गालावर एक जागा काढली, जी प्रिंटशी अजून जुळत होती. चार आण्याएवढी. तिच्याभोवती त्यांनी बॉलपेननं गोल काढला. गोलातलं ते प्रमाण. बाकीचा चेहरा, ते म्हणाले, परीक्षेत विचारला जाणार नाही.

परीक्षेच्या दिवशी आप्पासाहेब परीटघडीचे कपडे घालून सरांच्या शेजारी बसले. मशीन येऊन पोचलं होतं, नुसतं माणूस बसवायचं बाकी होतं. पायल समोर स्टुलावर, गालावर गोल, मांडीवर पॅड. प्रमाणही तीच आणि परीक्षार्थीही तीच. प्रश्न एकच होता: मूळ वस्तू आणि दिलेली प्रिंट यांची तुलना करून दोष कुठं आहे ते लिहा आणि उपाय सुचवा. आम्ही एकेक जण उठून भिंग घेऊन तिच्या तोंडावर वाकत होतो आणि जागेवर येऊन लिहीत होतो. पायलला स्वतःचं तोंड दिसत नव्हतं. तिनं आरसा मागितला. सर म्हणाले, आरसा उजेड खातो आणि डावं-उजवं करतो, चालणार नाही. तेव्हा तिनं बोटांनी चाचपून बघितलं. गोल सोडून सगळीकडं बोटं फिरवली आणि लिहायला लागली. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ ती लिहीत होती.

सरांनी पेपर तिथंच तपासले. पायलचा हातात घेतला आणि वाचता वाचता उठून उभे राहिले. मग त्यांनी तो सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचला.

“मूळ वस्तू: पायल भानुदास. कडा: कपाळाशी स्पष्ट, नाकावर फाटलेल्या. एकसारखेपणा: नाही. दाणा: दोन्ही गालांवर जाड, हाताला लागतो. गडदपणा: गोलात बरोबर, गोलाबाहेर कुठंच बरोबर नाही. निष्कर्ष: प्रिंट निर्दोष, मूळ सदोष. उपाय: मूळ बदलावे.”

सर म्हणाले, इतकी वर्षं शिकवलं त्याचं आज सार्थक झालं. आम्ही सगळ्यांनी उपाय म्हणून ऊन असं लिहिलं होतं. पहिला नंबर पायलचा. पायल पहिल्यांदाच वडिलांकडं बघून हसली. गुरुजी दारात उभे होते. ओठ फुटून थोडं रक्त आलं, पण ते गोलापर्यंत आलं नाही.

आप्पासाहेब मात्र अजून विचारातच होते.

“सर, पहिली हीच का?”

“हीच.”

“आन् हिच्यात दोष हाय, हे हिनंच लिवलंय?”

“लिहिलंय. आणि ते बरोबर आहे, म्हणूनच पहिली आहे.”

“मग दोष असलेलं माणूस मी कोऱ्या मशीनवर कसं बसवू?”

सरांनी आप्पासाहेबांचं वाक्य पुन्हा एकदा मनात मांडून बघितलं, इकडून तिकडून तपासलं. त्यात त्यांना काही चूक सापडेना. चुकीचं लिहिलं असतं तर ती पहिली आली नसती. बरोबर लिहिलं म्हणून पहिली आली आणि म्हणूनच चालणार नव्हती. दुसरा नंबर ऋषिराजचा होता. त्याच्या पेपरात एकच शब्द होता आणि त्याचं शुद्धलेखन बरोबर होतं. आप्पासाहेबांनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली.

गुरुजी चपला घालायला लागले. येत्या रविवारी कुणीतरी बघायला येणार होतं, तेही आम्हाला ठाऊक होतं. पायल स्टुलावरून उठली नाही.

“आप्पा,” ती म्हणाली, “तुमच्या मशीनला प्रमाण लागंल का न्हाय?”

आप्पासाहेबांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, लागेल, रंगीतला तर जास्तच लागेल, रोज सकाळी रसायन घातलं की आणि मधून मधूनही.

“मग मला ठेवा.”

“मशीनवर न्हाय हां,” आप्पासाहेब म्हणाले.

“न्हाय. मशीनशेजारी.”

आप्पासाहेब दिलदार माणूस. त्यांनी लगेच हो म्हटलं. गुरुजी एक चप्पल घालून उभे होते. ही नोकरी म्हणायची का, असा त्यांच्यापुढं प्रश्न होता आणि ते दिलेल्या शब्दाला पक्के होते, त्यामुळं त्यांनी नीट चौकशी केली. हजेरी आहे का? आहे. साप्ताहिक सुट्टी? आहे. वेळेवर यावं लागेल का? लागेल. गुरुजींनी दुसरी चप्पलही काढून ठेवली.

“मग नोकरीच,” ते म्हणाले.

बघण्याचे कार्यक्रम त्या दिवसापासून बंद झाले. रविवारी येणाऱ्यांना निरोप गेला आणि पोह्यांची मोठी कढई माळ्यावर गेली. महिन्याभरात पायलचं कातडं बरं झालं. सरांनी येऊन तपासणी केली आणि योग्य असल्याचा शिक्का दिला. पुन्हा बिघडू नये म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ लॅबच्या मागच्या अंगणात उभं राहायचं, एवढी एक अट घातली.

लॅब झकास झाली. काचेचं दार, गार हवा, डोक्यावर ट्यूबलाइट. ऋषिराज पांढरा कोट घालून मशीनवर बसतो आणि पायल त्याच्या शेजारी, काउंटरच्या या बाजूला, उंच स्टुलावर. आता स्थळाचे फोटोही रंगीत निघतात आणि तासाभरात मिळतात, त्यामुळं दोन्ही तालुक्यांतली लग्नं इथूनच जमतात. मुलाकडची माणसं मुलीचा फोटो घ्यायला स्वतःच येतात. भिंतीवरच्या फोटोशी कोण जुळवत बसतं, मूळ समोर असताना? घरी महिन्याकाठी एखादं कुटुंब यायचं. इथं शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत लोक असतात. सासवा, आत्या, मामा, एखादा नवरदेव. प्रिंट मशीनमधून गरम बाहेर येते आणि ते ती हातात घेऊन पायलच्या गालाशी धरतात. विचारत कुणी नाही. तराजूला कोण विचारतं?

परवा शेळगावच्या बनाबाई भामाबाईंना घेऊन आल्या होत्या. होणाऱ्या सुनेचा फोटो होता. बनाबाईंनी तो पायलच्या गालाला टेकवला, मान तिरपी केली, डोळे बारीक केले. पुन्हा टेकवला.

“ह्या दिव्याची चकाकी येतीय,” त्या भामाबाईंना म्हणाल्या. “हिच्या तोंडावर काय नीट दिसंना.”

पायलनं हनुवटी थोडी खाली घेतली आणि मान भिंतीकडं वळवली. गालावरची चकाकी गेली.

“आता बघा, मावशी,” ती म्हणाली आणि हलली नाही.